सात बहिणींचं पाणी

माझ्यामुळे दोन मैत्रिणी कित्येक वर्षं एकमेकींशी बोलल्या नाहीत. त्यांचं भांडण शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, झालं नव्हतं, गुरं शेतात शिरली म्हणूनही झालं नव्हतं. ते झालं एका लोटीतल्या पाण्यावरून. ते पाणी मी अकोल्यात, जठारपेठेतल्या माझ्या घरी, स्वयंपाकघरातल्या नळाखाली बाटली धरून भरलं होतं, आणि आफ्रिकेतल्या जगप्रसिद्ध धबधब्याचं म्हणून पंगतीत पुढे केलं होतं. जिने ते ओळखलं ती खोटी ठरली आणि मी खरा राहिलो. चूक झाली ती एवढीच. पण ती इतकी सोपी होती की मी ती पुन्हा पुन्हा केली, म्हणून सगळं सुरुवातीपासून सांगतो.

मी एका छोट्या टूर कंपनीत काम करतो. अकोला, अमरावती, आकोट, दर्यापूर इथली माणसं जमवायची, त्यांना जग दाखवायचं आणि सगळ्यांना धडधाकट घरी आणून सोडायचं, हे माझं काम. डॉक्टर, कापडाचे व्यापारी, निवृत्त शिक्षक असे आमचे पाहुणे. डोंगर पाहताना ते जेवणाची वेळ विचारतात आणि जेवताना डोंगर किती वाजता पाहायचा ते विचारतात. मला हे काम मनापासून आवडतं. भूगोलाच्या पुस्तकातली काळी-पांढरी चित्रं रंगीत होऊन समोर उभी राहतात, आणि शेजारी उभा असलेला जाडजूड माणूस एकाएकी गप्प होतो, ते पाहायला मला अजूनही आवडतं.

पण जग पाहण्याची खरी हौस माझी नव्हती. ती माझ्या मोठ्या बहिणीची होती. तिला आम्ही बाई म्हणतो. अंजनगाव सुर्जीजवळ तिच्या सासरी फुलांचा आणि भाजीपाल्याचा मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडी वांगी, मेथी. मळ्यात उभं राहिलं की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. लग्न होऊन आली तेव्हापासून बाईचा एकच प्रश्न असे, "त्याच्या पल्याड काय हाय?" भाऊजी म्हणायचे, "पल्याड मध्य प्रदेश हाय. अन् चहा ठेव." तिच्या घरात भिंतीला कायम सीनरी असायची. दुकानातून मिळणाऱ्या कॅलेंडरवरचं चित्र ती कात्रीने कापून घ्यायची आणि तारखा फेकून द्यायची. बर्फाचे डोंगर, निळं तळं, काठावर लाल छपराचं घर. "या घरातल्या बाईले रोज सकाळी हेच दिसत असन," ती म्हणायची, "अन् तिले त्याचं काई वाटत नसन."

पहिल्यांदा मी नॉर्वेला निघालो तेव्हा निरोप घ्यायला तिच्याकडे गेलो. तिने रिकामी प्लास्टिकची बाटली धुऊन माझ्या हातात दिली.

"येतानी पानी आन."

"बाई, ती काई तीर्थयात्रा नाई. सहल हाय."

"तिथं जाऊन मानसाचं तोंड उघडं राह्यते म्हनतू ना तू? मंग तीर्थच झालं. काशीहून लोक गंगा आनतात. तू तिथली आन. मी मावंदं घालतो."

आमच्याकडे यात्रेहून परतलं की मावंदं घालतात. आणलेल्या पाण्याची पूजा करायची, चार घरच्या बायामाणसांना जेवू घालायचं आणि सगळ्यांच्या अंगावर ते पाणी शिंपडायचं. जो जाऊ शकला नाही, त्यालाही यात्रेचा थोडा वाटा मिळतो. नॉर्वेच्या सहलीचं मावंदं घालायचं, हे फक्त माझ्या बहिणीलाच सुचू शकतं.

नॉर्वेत गाइरांगर नावाची एक खाडी आहे. समुद्र डोंगरांच्या पोटात शिरून दूरवर वळणं घेत आत गेलेला. दोन्हीकडे सरळ उभे कडे, इतके उंच की मान मागे टाकून टोपी सांभाळावी लागते. पाणी गडद हिरवं, त्यावर बोट अशी सरकते की आपण थांबलेलो आहोत आणि डोंगरच चालताहेत असं वाटावं. एका वळणानंतर उजव्या हाताच्या कड्यावरून शेजारी शेजारी सात धारा खाली येतात. त्यांना तिकडे सात बहिणी म्हणतात. वरचं बर्फ वितळतं, त्याचंच हे पाणी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला सातही असतात, शेवटी शेवटी दोन-तीन आटून जातात. समोरच्या कड्यावर एकटाच एक धबधबा आहे, त्याला नवरदेव म्हणतात. सातही जणींना मागणी घालायला आला आणि तसाच उभा राहिला, अशी गोष्ट सांगतात. बोटीवरच्या खलाशाने लांब दांड्याची बादली धारेखाली धरली आणि सगळ्यांना ओंजळ ओंजळ पाणी दिलं. मी बाईची बाटली काठोकाठ भरून घेतली. तोपर्यंत मी अगदी प्रामाणिक होतो.

परतताना ती बाटली चुकून खांद्यावरच्या बॅगेत राहिली. विमानतळावरच्या तपासणीत एका तरुण पोरीने ती वर काढली आणि हसून मान हलवली. पिऊन टाका नाहीतर टाकून द्या. मागे माझी अख्खी टूर उभी. मी दोन घोट प्यायलो आणि सात बहिणी कचऱ्याच्या डब्यात गेल्या.

वाईट वाटलं, हे खरं. पण घरी आल्यावर मी काय केलं? नळाकडे गेलो. अकोल्यात नळ रोज येत नाही, त्या दिवशीही नव्हता. बायको दारात उभी राहून पाहत होती.

"काय भरून राहिले?"

मी सांगितलं.

"थांबा मग," ती म्हणाली, "नॉर्वे परवा येनार हाय." आणि आत जाता जाता, "अन् नणंदबाईंले खरं सांगा. त्या काही मारनार नाहीत."

ती बरोबर होती. बाईने मला कधीच मारलं नसतं. पण तिने मळ्यातल्या अंगणात कणकेचे जाड रोडगे भाजायला गोवऱ्या रचून ठेवल्या होत्या, वांगी तोडून ठेवली होती, बाया बोलावल्या होत्या. मी परवाची वाट पाहिली आणि बाटली भरून घेऊन गेलो.

ते पहिलं मावंदं मी विसरणार नाही. पाटावर तांब्याची लोटी, लोटीला दोरा, हळदकुंकू, झेंडूची माळ. भाजलेल्या रोडग्यांचा वास. पूजा झाल्यावर बाई म्हणाली, "आता सांग." आणि मी सांगायला लागलो. कडे, हिरवं पाणी, सरकणारे डोंगर. बाया ताटावरून हात न उचलता ऐकत होत्या. सगळ्यांत पुढे बसल्या होत्या शेजारच्या मळ्यातल्या काकू. वयाने बाईएवढ्याच, पण सगळं गाव त्यांना काकू म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. बाईचा आणि त्यांचा मळा एका धुऱ्याने जोडलेला. दोघी पहाटे एकाच ऑटोत फुलांची पोती टाकून बाजारात जायच्या आणि येताना एकाच पुडीतले भजे खायच्या.

"सात बहिणी?" काकूंनी मधेच विचारलं. "पान्याच्या? बाई वं, ह्या तं साती आसरा!"

पंगतीतल्या बाया विहिरीकडे पाहायला लागल्या. बाईच्या विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड आहेत. त्या साती आसरा, पाणी राखणाऱ्या सात बहिणी. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

बाईने लोटी उचलली, सगळ्यांवर पाणी शिंपडलं, काकूंच्या ओंजळीत थोडं जास्त टाकलं आणि उरलेलं नेऊन त्या सात दगडांवर ओतलं. "भेटा वं एकमेकींले," ती म्हणाली. अकोल्याचं नळाचं पाणी शेंदरावरून ओघळत विहिरीत पडलं. मी मान खाली घालून रोडगा मोडत होतो. पण मला एक कबूल करायला हवं. त्या क्षणी लाजेपेक्षा आनंद जास्त होता. सगळे इतके खुश होते की खोटं मला गोड लागलं.

पुढच्या वर्षी आइसलँडला गेलो. तिथे गुलफॉस नावाचा धबधबा आहे. नदी सपाट माळावरून येते, एक पायरी उतरते, वळते आणि जमिनीला पडलेल्या भेगेत तिरकी कोसळते. जवळ जाईपर्यंत ती जाते कुठे तेच कळत नाही, जणू जमिनीने गिळली. ऊन आलं की वर इंद्रधनुष्य उभं राहतं. या वेळी मी शहाणपण केलं. बाटली टेपने बंद केली, टॉवेलात गुंडाळली आणि मोठ्या बॅगेत टाकली. खरं पाणी अंजनगावात पोहोचलं.

आणि पंगतीत हसू पिकलं. हिमनदीच्या पाण्यात दगडाची भुकटी असते, ते राखेच्या रंगाचं दिसतं. लोटीत पाहून काकू म्हणाल्या, "भाऊ, हे कोनत्या नाल्याचं उचलून आनलं?" सगळ्या हसल्या. बाईसुद्धा हसली. मी समजावून सांगितलं, पण बायांनी ते पाणी जरा दुरूनच अंगावर घेतलं.

माझ्यासारख्या माणसाने यातून काय शिकावं? मी शिकलो की नळाचं पाणी जास्त खरं दिसतं.

तिसऱ्या वर्षी आफ्रिकेत गेलो. व्हिक्टोरिया धबधब्याला तिथली माणसं गरजणारा धूर म्हणतात. लांबून जंगलावर पांढरे ढग उठलेले दिसतात, मग गडगडाट ऐकू येतो, आणि जवळ गेलं की पाऊस खालून वर पडतो. मी रेनकोट असूनही आतपर्यंत भिजलो. शर्ट पिळला असता तरी लोटी भरली असती. पण मी बाटली नेलीच नव्हती. तशी गरजच वाटली नाही, घरी नळ होता.

त्या मावंद्यात मी जीव ओतून बोललो. गडगडाट, धूर, पाण्यातून दिसणारं गोल इंद्रधनुष्य. काकूंनी ओंजळ पुढे केली, पाणी नाकाजवळ नेलं आणि थांबल्या. त्यांची मुलगी अकोल्यात दिलेली. बाळंतपणासाठी त्या महिनाभर तिच्याकडे राहून आल्या होत्या.

"वं," त्या बाईला म्हणाल्या, "याले तं अकोल्याच्या नळाचा वास येऊन राह्यला. ब्लीचिंग पावडरीचा."

"काई बी," बाई म्हणाली.

"काई बी काहून? मी महिनाभर हेच प्यालो तिकडे."

बाईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर शंका नव्हती. माझ्यावर तिचा इतका विश्वास होता की ती फक्त काकूंना गप्प करायला मला विचारत होती.

"सांग रे तिले, कुठलं हाय ते."

इथे मी खरं बोलू शकत होतो. सगळ्या हसल्या असत्या, बाईने दोन दिवस तोंड फुगवलं असतं आणि संपलं असतं. मी म्हणालो, "त्या धबधब्याचंच हाय, बाई."

मग बाई काकूंवर तुटून पडली. "तुले कोनाचं चांगलं पाहवत नाई. माहा भाऊ जग फिरून येते, तुहा घर सोडून गेला नाई कुठं, म्हनून जळती तू." काकूंचा भाऊ खरोखर कुठे गेलेला नव्हता, तो गावात दुधाचा धंदा करत होता आणि त्यांच्यावर त्याचा फार जीव होता. काकू ताटावरून उठल्या. हात धुतले, लुगड्याला पुसले आणि धुरा ओलांडून आपल्या मळ्यात निघून गेल्या. ताटात अर्धा रोडगा आणि वांग्याची भाजी तशीच राहिली.

त्यानंतर दोन ऑटो लागायला लागले. पहाटे एकाच वाटेने दोन ऑटो पाठोपाठ जायचे, एकात बाईची पोती, दुसऱ्यात काकूंची. धुऱ्यावरच्या निंबाखाली दोघी दुपारच्या बसायच्या ते थांबलं. मी फोन केला की बाई सगळं सांगायची, काकूंचं नाव मात्र घेत नसे. एकदा म्हणाली, "पुडीतले भजे उरतात आता." बस, एवढंच.

आणि मी? मी तरीही बाटल्या आणत राहिलो. न्यूझीलंडच्या दुधाळ निळ्या तळ्याचं पाणी, कॅनडातल्या डोंगरांमधल्या तळ्याचं, ज्यात बर्फाचे सुळके उलटे उभे दिसतात. सगळ्या बाटल्या जठारपेठेत भरलेल्या. वर्णन करताना माझा आवाज आधीसारखा लागत नसे. पंगतीतली ती एक जागा मोकळी असायची आणि माझी नजर तिथेच जायची.

मग बाईच्या विहिरीचं पाणी खाली गेलं. गाळ काढायला माणसं लावली. तळाशी एक खडक फोडला आणि त्याखालून झरा लागला. चांगला मनगटाएवढा. बाईने मला फोन केला तेव्हा ती बोलत कमी आणि हसत जास्त होती.

"सात बहिनींनी ऐकलं रे. त्यांचं पानी म्या विहिरीत ओतलं होतं ना. मी त्यांच्या ओटीचा नवस बोलला. आता मले तिकडे ने."

मी टाळायचा प्रयत्न केला. थंडी, गुडघे, पासपोर्ट. भाऊजी म्हणाले, "ने बाबा तिले. नाईतर सातपुडा ओलांडून पायी निघन ती." तिने पासपोर्ट काढला, बूट घेतले, दोन स्वेटर घेतले, आणि यंदा जूनच्या टूरमध्ये ती माझ्याबरोबर आली.

तिच्याबरोबरचे ते दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यांत आनंदाचे. विमानातून खाली ढग पाहून ती म्हणाली, "कापूस पिंजून वाळत घातला की काय." ओस्लोत रात्री जेवणानंतरही ऊन पडलेलं पाहून तिने तिथल्या वेटरला खुणेने विचारलं की तुमची माणसं झोपतात कधी. हॉटेलच्या नाश्त्यातल्या मासळीकडे बघून नाक मुरडायची आणि सोबत आणलेली ज्वारीची धपाटी टेबलावर काढायची. माझ्या टूरमधले डॉक्टरसाहेब रोज तिच्याकडे धपाटं मागायला यायला लागले. "घ्या," ती म्हणायची, "पन औषध लिहून देऊ नका."

बसमधून ती खिडकीला कपाळ टेकून बसायची. एका घाटात मोजता येऊ नयेत इतकी वळणं होती, खाली दरीत गवताची हिरवी चादर आणि त्यावर लाल छपराची घरं. तिने माझा दंड धरला. "कॅलेंडर!" ती ओरडली. "ती बाई असन आतमंधी. तिले हाक मारू का?"

गाइरांगरला बोटीत चढलो तेव्हा ऊन होतं. कड्यांवर खूप उंचावर, एका खाचेत, जुनी सोडून दिलेली शेतघरं आहेत. मी सांगितलं की तिथे पूर्वी माणसं शेती करत, आणि लहान पोरं कड्यावरून पडू नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवत.

"एवढंसं वावर," बाई मान वर करून म्हणाली, "अन् तेही उभं. आपन उगाच बोंबलतो."

मग नवरदेव दिसला. त्याची गोष्ट ऐकून ती मनापासून हसली. "सातही जनींनी नाई म्हनलं? शहान्या हायत बाया."

आणि मग बोट वळली. सातही होत्या. बाईने हसणं थांबवलं. पिशवीतून खण काढला, हिरव्या बांगड्या, तांदूळ, सुपारी, हळदकुंकू. पाण्यात काही टाकायचं नाही हे मी तिला आधीच सांगितलं होतं. "टाकून कोन राह्यलं? दाखवून वापस घेतो," ती म्हणाली. पदर पुढे केला, ओटी दाखवली, डोक्याला लावली आणि पिशवीत ठेवली. शेजारी उभी एक नॉर्वेची म्हातारी तिच्याकडे पाहत होती, तिच्या कपाळालाही बाईने कुंकू लावलं.

मग तिने एक बाटली काढली. मी ओळखली, पहिल्या वर्षी मला दिली होती तसलीच.

"आपल्या विहिरीचं हाय. नव्या झऱ्याचं. या बहिनींचं पानी यायले वापस देतो."

तिने झाकण फिरवलं. माझ्याच्याने पुढचं पाहवलं नाही.

"बाई, थांब."

मी सांगितलं. विमानतळ, कचऱ्याचा डबा, नळ. राखाडी पाणी तेवढं खरं होतं. बाकी सगळं, आफ्रिकेचंसुद्धा, अकोल्याचं. माझा आवाज धबधब्यात बुडत होता, म्हणून मला ते सगळं मोठ्याने ओरडून सांगावं लागलं. चूक ओरडून सांगणं किती कठीण असतं ते मला तेव्हा कळलं.

ती माझ्याकडे पाहत नव्हती, धारांकडे पाहत होती. चेहऱ्यावर तुषार उडत होते.

"म्हनजे ती बरोबर होती," ती म्हणाली.

"हो."

"तिले वास आल्ता."

"हो, बाई. मले माफ कर."

तिने पदराने तोंडावरचे तुषार पुसले. मग बाटलीकडे पाहून म्हणाली, "विहिरीचं तं खरं हाय ना?"

"ते खरं हाय."

"मंग हे तरी खरं जाऊ दे." आणि तिने अंजनगावचं पाणी हळूहळू त्या हिरव्या पाण्यात सोडलं. शेवटचा थेंब झटकला. रिकामी बाटली माझ्या हातात कोंबली. "आता भर. अन् मले माफी मांगू नको. मले सात बहिनी भेटल्या. तिले काय भेटलं?"

खलाशाने बादली धरली होती. मी बाटली भरली. या वेळी ती बाईने आपल्या स्वेटरमध्ये गुंडाळली, मोठ्या बॅगेत मधोमध ठेवली आणि बॅगेची चावी स्वतःच्या गळ्यात घातली.

परत आल्यावर घरी जायच्या आधी आम्ही सरळ मळ्यात गेलो. काकू झेंडू तोडत होत्या. बाई धुऱ्यापर्यंत आली आणि थांबली, पुढे मला ढकललं. काकूंनी आम्हा दोघांकडे पाहिलं, हातातली फुलं टोपलीत टाकली.

"काय भाऊ, कोनता नळ आनला ह्या बारी?"

मी बाटली पुढे केली आणि बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"इथं नाई. म्या पंगतीत खोटी पडलो होतो. पंगतीतच बोल."

"येशीन ना मंग?" मागून बाईने विचारलं. तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता. "तुह्या नाकाशिवाय मावंदं होत नाई वं. म्या तुले नको ते बोललो. तुह्या भावाचंही नाव काढलं."

"भाऊ येईन संगं," काकू म्हणाल्या. "दूधही आनन. तुमच्या नळाच्या पान्यात टाकाले." आणि त्या हसल्या. बाईही हसली, पदराने डोळे पुसत. दोघी निंबाखाली बसल्या आणि मला कोणी बस म्हटलं नाही.

दोन दिवसांनी मावंदं झालं. तीच लोटी, तोच दोरा, काकूंच्या मळ्यातला झेंडू. काकू त्याच जागी बसल्या, शेजारी त्यांचा भाऊ. बाईने पहिली ओंजळ त्यांना दिली. त्यांनी ती नाकाजवळ नेली, सगळी पंगत श्वास धरून पाहत होती, आणि त्या मुद्दाम खूप वेळ वास घेत राहिल्या. मग पाणी डोळ्यांना लावलं. "यंदाचं खरं हाय," त्या म्हणाल्या. बायकोने मला कोपराने ढोसलं. मी हातातलं वाढायचं पातेलं खाली ठेवलं आणि सगळ्यांपुढे उभा राहिलो.

"काकू, त्या दिवशीचं पानी अकोल्याच्या नळाचंच होतं. म्या माह्या हातानं भरलं होतं. तुमी खरं बोलल्या अन् म्या तुमाले साऱ्याईसमोर खोटं पाडलं. तुमचं जेवन ताटात राह्यलं, तुमची मैत्रीन तुटली, तरी मी गप्प राह्यलो. माहं चुकलं, काकू. मले माफ करा."